शंभरपर्यंत

"तुमच्या आईवडलांना ऐकायलाच येत नाही न्हवं? मग त्यांना एवढं नेट लागतंय कशाला?"

आमच्या गल्लीला नेट देणारा विलास कणसे खुर्चीत रेलून, दात कोरत हे म्हणाला. त्याच्या ऑफिसात आणखी तिघेजण बसले होते, ते हसले. अप्पा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी त्या हसणाऱ्यांकडे पाहिलं, माझ्या दंडाला हात लावला आणि हातानं विचारलं, "काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला," मी हातानं सांगितलं.

मग मी कणसेकडे वळून म्हणाले, "अण्णा, त्यांना ऐकू येत नाही म्हणूनच लागतं. फोनवर चित्र अडकलं तरी तुम्हाला-मला आवाज येतो. ते हातांनी बोलतात. चित्र अडकलं की त्यांचं बोलणंच बंद पडतं."

"मग व्हॉट्सॅपवर लिहून पाठवायचं की. लिहायला येतंय ना?"

"तुम्ही तुमच्या बायकोशी लिहून बोलता का?"

तिघांचं हसणं थांबलं. कणसेनं काडी टेबलावर ठेवली.

"ताई, तुम्ही पुण्याला राहता. इथं येऊन आवाज चढवायचा नाही. शंभरचा प्लॅन घेतलाय, शंभर देतोय. विश्वास नसंल तर आत्ता माणूस पाठवतो, तुमच्यासमोर मोजंल."

त्यानं खरंच माणूस पाठवला. आमच्या हॉलमध्ये त्यानं मोबाईलवर स्पीड मोजला, काटा सरसर वर गेला आणि नव्वदच्या पुढं जाऊन थांबला. त्यानं त्याचा फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या मोबाईलवर मोजला. सात. मी कणसेला फोन केला तर तो म्हणाला, "कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचा. शंभर एमबीपीएसपर्यंत. सात हे शंभरच्या आतच येतंय का न्हाई?"

आणि हसून फोन ठेवला.

आम्ही पिसाळ. अप्पा आणि आई दोघंही जन्मापासून बहिरे, दोघांची गाठ मिरजेच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत पडली. अप्पांनी जन्मभर कराडात छापखान्यात काम केलं, आईनं ब्लाऊज शिवले. मला ऐकू येतं. मी बोलायला लागायच्या आधी हातांनी बोलायला शिकले असं आजोबा सांगायचे. त्या वेळी मी पुण्यात एका दातांच्या दवाखान्यात नोकरी करत होते आणि रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईला व्हिडिओ कॉल लावत होते.

आमची गल्ली नदीच्या उतारावर. घरात मोबाईलची रेंज जेमतेम साधा फोन लागण्यापुरती. म्हणून नेट घेतलं. पहिले काही महिने ते उत्तम चाललं. आई फोन खिडकीत टेकवून दोन्ही हातांनी भरभरून बोलायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या सुनेनं माहेर धरलं, अप्पांनी गोडाचं कसं चोरून खाल्लं. मग हळूहळू चित्र अडकायला लागलं. आईचा हात हवेत वर जायचा आणि तिथंच राहायचा. हलायचा तेव्हा वाक्य पुढं निघून गेलेलं असायचं. मी "परत सांग" म्हणायचे, ती परत सांगायची, परत अडकायचं. शेवटी ती दोन्ही हात झटकायची, म्हणजे जाऊ दे.

दुसऱ्या कंपनीचं नेट घ्यावं म्हटलं तर गल्लीत दुसऱ्या कुणाची तार टिकायची नाही. एका कंपनीनं ओढली होती, आठवड्यात ती कुणीतरी छाटली. कुणी छाटली ते गल्लीला ठाऊक होतं. गणपतीच्या मंडळाचा अध्यक्ष कणसे, नगरसेवकाच्या गाडीत पुढं बसणारा कणसे. तक्रार करायला कुणी तयार नव्हतं.

फेब्रुवारीत एका दुपारी नेहमीच्या वेळेआधीच आईचा कॉल आला. अप्पा कर्णबधिर संघटनेच्या बैठकीसाठी साताऱ्याला गेले होते, ती घरी एकटी होती. मी डबा उघडत होते. फोन भिंतीला टेकवून ठेवला.

आई दिसली. तिचा डावा हात हलत होता, तोही तुकड्यातुकड्यांत. उजवा मांडीवर पडून होता. तोंड जरा वेगळं वाटलं, पण चित्राचे चौकोन झाले होते, त्यात कुणाचंही तोंड वाकडंच दिसलं असतं. डाव्या हातानं ती काहीतरी पुन्हापुन्हा सांगत होती. मला त्यातलं "जड" एवढंच कळलं. काय जड? पिशवी? पाण्याचा हंडा?

"दोन्ही हातांनी बोल," मी सांगितलं. "मला दिसत नाही."

ती डाव्या हातानंच बोलत राहिली. उजवा हात हलला नाही.

मला वाटलं, नेट अडकलंय.

दुसरं काही वाटण्यासारखं नव्हतंच. गेले कित्येक महिने मी तो हात अडकलेलाच पाहत होते. मी तिला नेहमीसारखी खूण केली, संध्याकाळी बोलू, आणि कॉल बंद केला. तिनं परत लावला. मी उचलला, पुन्हा तेच चौकोन. आत डॉक्टरांनी हाक मारली, पेशंट खुर्चीत बसला होता. मी लिहून पाठवलं, "आई नेट खराब आहे. अप्पा आले की लाव."

अप्पा दिवेलागणीला घरी आले तेव्हा आई हॉलमध्ये जमिनीवर पडलेली होती. फोन डाव्या हातात होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. मी पुण्याहून पोचल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मेंदूत गुठळी झाली होती. दुपारीच आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. आता उजवा हात किती परत येईल, सांगता येत नाही." मग त्या म्हणाल्या, "एक बरं आहे, ऐकू येणाऱ्यांची अशा वेळी वाचा जाते. यांचा तो प्रश्न नाही."

"डॉक्टर, त्यांचीच गेलीय," मी म्हणाले. "आई त्याच हातानं बोलायची."

त्यांना ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्या माझ्याकडं बघायच्या थांबल्या.

अप्पा कॉटशेजारी बसून होते. मी त्यांना सगळं सांगितलं, दुपारचा कॉलही. त्यांनी आईच्या उजव्या हातावरची चादर सारखी केली. मग विचारलं, "हात हलत नव्हता, ते तुला दिसलं?"

"दिसलं. मला वाटलं नेट."

अप्पा उठले आणि खिडकीपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. आमच्या घरात पाठ करणं म्हणजे बोलणं तोडणं. लहानपणापासून मला त्याची सगळ्यात जास्त भीती. पण थोड्या वेळानं ते वळले आणि त्यांनी विचारलं ते भलतंच होतं.

"कणसेच्या ऑफिसात त्या दिवशी ते तिघं कशाला हसले होते?"

मी त्यांना तेव्हा खरं सांगितलं. अप्पांचे हात मोठे आहेत, छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून बोटांची टोकं काळी पडलेली. त्यांनी ते एकमेकांत घट्ट अडकवले आणि सोडवले. "तक्रार कर," म्हणाले. "माझ्या नावानं कर."

तक्रार जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाखल झाली. पैसे शंभरच्या स्पीडचे घेतले आणि तो दिला नाही, एवढाच मुद्दा वकिलांनी मांडायला सांगितला. आजारपण त्याला जोडलं तर सिद्ध करता येणार नाही म्हणाले. तरी मी ते लिहायला लावलं. कणसेकडून उत्तर आलं की तक्रारदार कर्णबधिर असल्यानं त्यांचा काहीतरी गैरसमज झालेला आहे, आणि सोबत तो नव्वदचा फोटो.

मग एक दिवस शेजारचे जगदाळे मास्तर अप्पांना भेटले. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, गल्लीतली भांडणं मिटवणारे गृहस्थ. त्यांनी पाटीवर लिहावं तसं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून अप्पांना दाखवलं, "विलासअण्णा रविवारी घरी येतो म्हणतात. मिटवून टाकू. मी सोबत असेन." अप्पांनी मला कळवलं. मी शनिवारीच येऊन राहिले. हे ना मास्तरांना माहीत होतं, ना कणसेला.

रविवारी सकाळी दोघं आले तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. मधल्या दाराला पडदा. आई हॉलमध्ये खुर्चीत होती, उजवा हात उशीवर. अप्पांनी पाहुण्यांना सतरंजीवर नाही, चांगल्या खुर्च्यांवर बसवलं. मला कणसेचा आवाज ऐकू आला.

"काय मास्तर, ह्यांना आपण बोललेलं काहीच कळत नाही ना?"

"अजिबात नाही. लिहून दाखवावं लागतं."

"बरं झालं." मग त्यानं फोन लावला असावा, कारण आवाज मोठा झाला. "हां, कोण, बंडा का? अरे, पिसाळांची लाईन आवळलीय बघ ती जरा सोड. अरे ते मुकं-बहिरं न्हाई का नदीकडच्या गल्लीतलं. हां, तीच. पूर्ण सोड, शंभरवर न्हे. तासभर ठेव, सही झाली की मी सांगतो, मग परत आहे तशी कर. न्हाईतर वरच्या गल्लीतले फोन करून बोंबलतील."

मी गॅस बंद केला.

मास्तरांचा दबका आवाज आला. "अण्णा, म्हणजे ह्यांचं मुद्दाम कमी केलं होतं?"

"मास्तर, धंदा आहे. नेट तेवढंच असतंय, गिऱ्हाईक वाढत्यात. कुणाचं तरी आवळावंच लागतंय. जे बोंबलतंय त्याचं आवळून चालतंय का? हे काय फोन करून बोंबलणार हायत का?"

कणसे हसला. मास्तर हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत.

मी पडदा सारून बाहेर आले. माझ्या हातात चहाचं भांडं तसंच होतं. कणसेनं मला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या मांडीवर टाईप केलेला कागद होता, तक्रार मागे घेतल्याचा. बाजूला सफरचंदांची पिशवी.

"ताई, तुम्ही कधी आलात?"

मी भांडं स्टुलावर ठेवलं, आईअप्पांच्या समोर जमिनीवर बसले आणि हातांनी सांगायला लागले. त्यानं म्हटलेलं सगळं, आवळलंय, सोड, मुकं-बहिरं, सही झाली की, बोंबलणार हायत का. एकही शब्द गाळला नाही, एकही मऊ केला नाही. कणसे मध्ये म्हणत होता, "काय सांगताय तुम्ही त्यांना? ओ ताई, काय सांगताय?"

आईनं ऐकून घेतलं. म्हणजे पाहून घेतलं. मग ती अप्पांकडं वळली आणि डाव्या हातानं एवढंच म्हणाली, "ह्यानं माझा हात बांधला."

अप्पा उठले. ते उंच आहेत. त्यांनी कणसेच्या मांडीवरचा कागद उचलला, त्याची घडी घातली आणि कणसेच्या शर्टाच्या खिशात ठेवली, खिसा वरून थोपटला. मग सफरचंदांची पिशवी दारातून बाहेर फेकली. सफरचंदं उतारावरून नदीकडे गडगडत गेली. गल्लीतली माणसं दारात आली.

"मारतोय का काय हा म्हातारा?" कणसे ओरडला. "मास्तर, बघितलं का? साक्षीदार हाय तुम्ही!"

"मास्तर साक्षीदार आहेतच," मी म्हणाले. "तुम्ही फोनवर काय बोललात ते त्यांनीही ऐकलंय."

कणसेनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर चपला शोधत होते.

जाताना कणसे माझ्याजवळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, ह्या गल्लीत तुमचे आईबाप एकटं राहतात. तुम्ही पुण्याला. एवढं ध्यानात ठेवा."

तेही मी अप्पांना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी भिंतीवरचा नेटचा डबा काढला आणि केबलसकट कणसेच्या ऑफिसच्या पायरीवर नेऊन ठेवला.

आयोगात सुनावणी सुरू झाली तेव्हा आईनं यायचा हट्ट धरला. तोपर्यंत ती डाव्या हातानं पुष्कळ बोलायला लागली होती. पण ज्या खुणांना दोन हात लागतात त्या अर्ध्याच व्हायच्या, आणि ते अर्धं आम्हा दोघांखेरीज कुणाला कळायचं नाही. आयोगानं पुण्याहून एक दुभाषी बाई बोलावल्या होत्या. भल्या होत्या, पण आईचं बोलणं त्यांनाही अडायचं.

कणसेच्या वकिलानं आधी मला उभं केलं.

"आईचा हात हलत नाही हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. तरी फोन बंद केलात. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे निष्काळजीपणा कुणाचा, मुलीचा की माझ्या अशिलाचा?"

"तुमच्या अशिलानं तो हात रोज अडकवून दाखवला," मी म्हणाले. "ज्या दिवशी तो खरंच अडकला, त्या दिवशी मला फरक कसा कळणार होता?"

वकिलानं फायलीत पाहिलं. मग तो म्हणाला की फोनवरच्या त्या कथित संभाषणाला पुरावा काहीच नाही, तक्रारदाराची मुलगी तिच्या सोयीचं बोलणारच. आमच्या वकिलांनी जगदाळे मास्तरांना बोलावलं.

मास्तर धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते. मागच्या बाकावर कणसे बसला होता. मास्तरांनी आमच्याकडं पाहिलं नाही.

"त्या रविवारी विलास कणसे फोनवर काय बोलले, ते तुम्ही ऐकलंत का?"

"मी तिथं होतो," मास्तर म्हणाले.

"ते नाही विचारलं. ऐकलंत का?"

मास्तरांनी घसा साफ केला. "माझं वय झालंय. मला नीट ऐकू येत नाही. त्यांनी फोन केला खरा, पण काय बोलले ते मला ऐकू आलं नाही."

दुभाषी बाईंनी ते आईअप्पांना हातानं सांगितलं. सांगताना त्या क्षणभर अडखळल्या. अप्पांनी पुन्हा विचारलं, त्यांना वाटलं काही चुकलं. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं.

निकाल पुढं पावसाळ्यात लागला. ठरलेला स्पीड दिला नाही एवढं मान्य झालं, घेतलेले पैसे परत करायला सांगितले. "शंभरपर्यंत" या शब्दावर वकिलानं घातलेला वाद आयोगानं उडवून लावला. फोनवरचं बोलणं सिद्ध झालं नाही, आणि आईच्या हाताचा व नेटचा संबंध धरता येत नाही असं लिहिलं. कणसेनं कंपनीचं नाव बदललं, धंदा तोच ठेवला. आईचा उजवा हात परत आला नाही. मी पुण्यातली नोकरी सोडून कराडला आले आणि इथंच एका दवाखान्यात लागले. पुढं दोनेक वर्षांनी गल्लीत दुसऱ्या कंपनीची तार आली. आज कुणी वेगाची जाहिरात दाखवली की मी अजून आधी त्यातलं 'पर्यंत' शोधते.

त्या निकालाची प्रत कुठं आहे ते मला आठवत नाही. पण सुनावणीनंतरचा आयोगाच्या बाहेरचा व्हरांडा आठवतो. आम्ही तिघं बाकावर बसलो होतो, रिक्षा यायची होती. मास्तर आतून बाहेर आले. जाऊ की नको असं करत आमच्याजवळ आले आणि हात जोडले.

"वृंदा, पोरी, समजून घे. मला त्याच गल्लीत राहायचंय. नातू कणसेच्या ओळखीनं लागलाय कामाला."

"आईअप्पांनाही त्याच गल्लीत राहायचंय, मास्तर."

"ते खरं. पण..."

अप्पांनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. अप्पांनी मास्तरांच्या डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवली. मग आपल्या कानावर बोट ठेवलं, मास्तरांकडं बोट केलं आणि आईकडं बघून हसले. त्या हसण्यात दात दिसले, बाकी काही नव्हतं. "ह्यालाही ऐकू येत नाही म्हणे. म्हणजे हा पण आपल्यातलाच."

आई हसली नाही. तिनं डावा हात उचलला आणि सावकाश, एकेक खूण सुटी करत ती बोलली. तिला ते मला नाही, मास्तरांना सांगायचं होतं, म्हणून ती त्यांच्याकडेच बघत होती.

"काय म्हणतेय वहिनी?" मास्तरांनी मला विचारलं. हात अजून जोडलेलेच होते.

"ती म्हणतेय, आपल्यातला नाही हा. आपल्यातलं कुणी पाहिलेलं नाकारत नाही."

मास्तरांनी हात खाली घेतले. रिक्षा फाटकात आली होती. अप्पांनी आईला उजव्या बाजूनं धरलं, मी डावी बाजू मोकळी सोडली, आणि आम्ही पायऱ्या उतरलो.